मशिनीला नाक नाय

दिवसभर उभं राहायच्या नोकरीत पाय दुखतात आणि किस्से साठतात. पायांना घरी गेल्यावर तेल लावता येतं. किस्से सांगायला बसले तर आई म्हणते, "मग सोड की ती नोकरी." म्हणून तुम्हाला सांगते.

बोईसरच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये मी आहे. बी.कॉम. झाले, पालघरहून येते. आपलं बिल आपणच करायच्या चार मशिनी आहेत तिथे. बारकोड दाखवा, फोनवरून पैसे भरा, चालू पडा. काही अडलं की मशीन लाल दिवा लावून ओरडते, "कृपया सहायता की प्रतीक्षा करें." ती सहायता म्हणजे मी. पहिले पंधरा दिवस मशीन बोलली की गिऱ्हाइकाच्या आधी मीच दचकायचे. मॅनेजर सर खूश. म्हणाले, "घाबरट माणूस लक्ष चांगलं ठेवतो."

* * *

जयवंती मावशी किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या. बोईसरच्या बाजारात मासे विकतात आणि दुपारी टोपली रिकामी झाली की आमच्याकडे सामानाला येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा कॅशियरच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मागच्या बाईंनी ट्रॉली दोन हात मागे घेतली. कॅशियरने त्यांची पिशवी दोन बोटांनी पुढे ढकलली.

मला ते बघवेना. पुढच्या वेळी मी त्यांना मशीनवर नेलं. फोनवरून पैसे घेणं-देणं त्यांना येतच होतं, टोपलीलाच क्यूआर कोड चिकटवलाय त्यांनी. दोन खेपांत शिकल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या,

"ही बरी हाय गो. मशिनीला नाक नाय."

मी हसले. घरी जाताना मात्र हसू आलं नाही.

* * *

मग दुकानातला माल गायब व्हायला लागला आणि वरून हुकूम आला, मशीनवर दहाच नग.

कारखान्यातून सुटलेला एक कामगार अकरा वस्तू घेऊन आला. मी पाटी दाखवली. बिचाऱ्याने साबण बाजूला ठेवला, दहाचं बिल केलं, बाहेर गेला आणि त्या एका साबणासाठी परत आत आला. दारात गार्डने झडती घेतली. "अभी तो गया था, फिर क्यों आया?"

तो म्हणाला, "मॅडम से पूछो. गिनती उनकी है."

पाचच मिनिटांनी गाडीतून येणारे एक साहेब भरलेली ट्रॉली घेऊन मशीनपाशी आले. मी पाटीकडे बोट केलं, तर सरांनी माझंच बोट खाली केलं. "ते आपले रेग्युलर आहेत."

रोज येणाऱ्या मावशी मग कोण होत्या?

* * *

मावशींनी नियम ऐकला, मान डोलावली आणि मशीनच्या कट्ट्यावर सामान मांडलं. साबण सगळे एकावर एक. शेजारी बिस्किटाचे पुडे. पलीकडे चहाची पाकिटं. बाजारात मासे मांडतात तसं, अगदी नीट.

"बघ, सात वाटे हायत. दहाच्या आत."

"मावशी, हे सव्वीस नग आहेत."

"तू बोंबील घेतेस तवा काय बोलतेस? एक वाटा दे बोलतेस, का वीस बोंबील दे?"

मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, "सर, बाजारात असंच मोजतात."

"हा बाजार आहे का?" सर म्हणाले.

"नाय," मावशी म्हणाल्या. "बाजारात गिऱ्हाइकाला असा कोन बोलत नाय."

शेवटी त्यांना तीन बिलं करावी लागली. तोवर मुरब्याची रिक्षा भरून निघून गेली.

* * *

चोर सापडला. आणि तो मी पकडला, मी! तेच गाडीवाले साहेब. काजू वजनाला ठेवायचे आणि स्क्रीनवर शेंगदाणे दाबायचे. मी सरांना बोलावलं.

"चुकून दाबलं गेलं असेल," सर म्हणाले.

"सर, चार वेळा?"

साहेब हसले. "तुमची मशीनच गडबड आहे."

दुसऱ्या दिवशी चारही मशिनींपुढे दोरी. ती फक्त मेंबर कार्डवाल्यांसाठी सोडायची. साहेबांकडे कार्ड होतं. मला वेगळी सूचना मिळाली, "त्या मासेवाल्या मावशीसारख्यांना गोड बोलून रांगेत पाठवायचं."

"सारख्यांना म्हणजे कोणाला, सर?" माझा आवाज चिरकला, पण विचारलं.

"तुला नोकरी करायची आहे ना?"

* * *

करायची होती. म्हणून मावशींना दोरी मीच दाखवली. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. तिथे एका बाईंनी आधीच रुमाल काढला होता. मावशींनी सामान जागच्या जागी ठेवलं आणि निघून गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शटर वर केलं, तर दारात मुरब्याच्या अकरा बायका, मावशी सगळ्यांत पुढे. बाजारात जायच्या आधी आलेल्या, टोपल्या भरलेल्या. गार्डने अडवलं. सामान आत न्यायचं नाही, दारातल्या काउंटरवर ठेवायचं, टोकन घ्यायचं. अकरा जणींनी अकरा टोपल्या ठेवल्या, अकरा टोकनं घेतली, एकेक काडेपेटी उचलली आणि शांतपणे कॅशियरपुढे रांग लावली. कॅशियर एकच आलेला होता आणि त्याचा कॉम्प्युटर अजून चालू होत होता. दारावरचा एसी मात्र जोरात चालू होता, टोपल्यांवरची सगळी हवा आत लोटत.

सर केबिनमधून नाक धरून बाहेर आले. "मावशी, त्या टोपल्या आधी घेऊन जा."

मावशींनी टोकन दाखवलं, मग पुढची रांग दाखवली.

"काडेपेटी घ्यायची हाय ना साहेब. नंबर आला की नेऊ."

सर माझ्याकडे वळले. "सोड, सोड ती दोरी. मशीनवर घे सगळ्यांना."

मी दोरी घट्ट धरली.

"पण सर, त्यांच्याकडे कार्ड नाहीये."