कपारीतला गुरुवार

माणसाला गुरुवारी सुट्टी असू नये. आमच्या एमआयडीसीत ती गुरुवारीच असते आणि वाकडला राहणाऱ्या माझ्या मुलाला, निखिलला, शनिवार-रविवारी. म्हणजे तो मोकळा असतो तेव्हा मी चाकणला मशीनवर, आणि मी मोकळा असतो तेव्हा तो मीटिंगमध्ये! ही गेल्यापासून थेरगावच्या घरात गुरुवारी माझ्याशी फक्त कुकर बोलतो.

म्हणून शिफ्टमधल्या शकील आणि कदमने कडा चढायला येता का विचारलं, तेव्हा मी वय न सांगता हो म्हटलं. (वय त्यांना माहीत होतं. माझ्या निरोप समारंभाचं भाषण कदमच लिहितोय.)

थंडी अशी, की दगडाला लावलेली बोटं आपली वाटेनात. शकील मुरलेला गडी, दोर त्याच्या हातात. मी अर्ध्यावरच्या कपारीत पोचलो, बूड टेकवलं आणि पुढे पायच उचलेना. घ्या दम, म्हणत शकीलने दोर पायथ्याच्या झाडाला पक्का बांधला, आपल्या जागी रिलीव्हर म्हणून कदमला उभं केलं आणि मिसळ सांगायला वाडीत गेला. कदमने गाठ ओढून पाहिली, मशीन ऑटोवर आहे असं ठरवलं आणि तोही गेला. चहाची सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, असं त्याचं ठाम मत आहे.

मी हाका मारल्या. उत्तर माझ्याच आवाजात आलं. भीती वाटली, पण खरं सांगतो, भीतीपेक्षा एकटं जास्त वाटलं. घरी निदान कुकर होता.

शेवटी निखिलला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

"ठेव. मी कड्यावर अडकलोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हलू नका. आणि बाबा, फोन ठेवू नका."

फोन ठेवू नका! एरवी ही विनंती माझी असते. मग मी घाबरू नये म्हणून तो बोलतच राहिला. स्वेटर घातलाय का, गोळी घेतली का. मध्येच म्हणाला, आईसारखी आमटी काही जमत नाही. मलाही जमत नाही, मी म्हटलं. मग आम्ही दोघंही गप्प बसलो, पण फोन चालू ठेवून. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात ते दोघं मिशा पुसत परतले. शकीलने खालून विचारलं, "काका, उतरवू का?" मी हातानेच थांब म्हटलं. त्याला वाटलं, माझी पुरती गाळण उडालीय.

"उतरा ना राव, मिसळ गार होतेय!"

हे निखिलने ऐकलं. आता माणसं आहेत ना सोबत, म्हणाला आणि मीटिंगला परत गेला.

आज पुन्हा गुरुवार. सकाळी घरातल्या माळ्यावर चढलो, शिडी पायानेच लोटून दिली आणि निखिलला फोन लावला. मी अडकलोय हे सांगायच्या आतच तो म्हणाला, "बाबा, थोड्या वेळात करतो," आणि ठेवला. हे मी माळ्यावरूनच लिहितोय. शकीलला बोलावता येईल, पण शिडी कशी पडली हे त्याला काय सांगू?