समुद्राला दिलेलं अर्थिंग

त्या दुष्काळात आमच्या गावाला आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, आणि माझ्या घरात समुद्र होता. समुद्र म्हणजे शंभर लिटरची काचेची टाकी. पण गावानं तिला समुद्रच म्हटलं. टँकरच्या रांगेत मी घागर घेऊन उभी राहिले की मागून हमखास आवाज यायचा, "बाई, तुमी कावून रांगंत? तुमच्या घरी तर समुद्र हाय!" मी तापट आहे हे गावाला माहीत होतं, म्हणून तर चिडवायचे. मी चिडायचे आणि त्यांचं समाधान करायचे.

मी वडवणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. समुद्रफूल नावाचा प्राणी मी फळ्यावर रंगीत खडूनं इतक्यांदा काढला होता की डोळे मिटूनही जमला असता. दिसायला फूल, पण त्याला तोंड असतं, पोट असतं, आणि पाकळ्यांसारख्या हातांनी ते भक्ष्य धरतं. जिवंत मात्र मी ते कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात माशांचं दुकान काढलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला हे कळलं. त्यानं एक दिवस टेम्पोतून टाकी, पंप, समुद्री मिठाच्या पिशव्या, खडक, दोन केशरी मासे, चार कोळंब्या, थोड्या गोगलगायी आणि एक समुद्रफूल आणून माझ्या बैठकीत मांडलं. फूल तळहाताएवढं, हिरवट, टोकांना जांभळी झाक. मासे त्याच्या हातांत शिरून झोपायचे. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसले आणि भाकरी गार होऊन गेली. चाळिशी उलटली होती तरी मी लहान पोरीसारखी हरखले होते.

पाण्याचा नियम मी स्वतःच घालून घेतला होता. गावच्या सोसायटीनं पिण्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. घरटी रोज एक जार, वीस लिटरचा. टाकीतलं जेवढं पाणी उन्हानं आटेल तेवढं मी माझ्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातून भरायचं, दुसऱ्या कुणाच्या घोटाला हात लावायचा नाही. तरी सासूबाई धुसफुसायच्याच. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मेंढरांमागं हिंडण्यात त्यांचा जन्म गेलेला, आता दारात तीन शेळ्या होत्या. "त्या खाऱ्या डबक्याला घातलेलं पाणी माज्या शेळीला घातलं असतं तर तिनं कपभर दूध तरी दिलं असतं," असं त्या शेळीला ऐकवायच्या, म्हणजे ते मला ऐकू यायचं.

आमचे हे दूध संघाच्या शीतकरण केंद्रात वायरमन. मोटार, कॉम्प्रेसर, स्टार्टर यांच्याशी जितकं बोलायचे तितकं माणसांशी नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापू नये म्हणून ते घरून भरून नेलेल्या दोन बाटल्या केंद्रावर गोठवून आणायचे आणि मी त्या टाकीत सोडायचे. माशांबद्दल त्यांनी बरं किंवा वाईट एक अक्षरही कधी काढलं नाही. बाटल्या मात्र एक दिवस चुकल्या नाहीत.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून बाटली टाकीत सोडली आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी मागं जाऊन बुडावर आपटले. बाटली घरंगळत शेळ्यांपर्यंत गेली. मला हसू आलं. यांनी मात्र धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि कितीतरी वेळ तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले.

दोष पंपाचा निघाला. त्याच्या वेष्टनाला तडा गेला होता, आत खारं पाणी शिरलं होतं. विद्यार्थ्यानं एसटीच्या पार्सलनं नवा पंप धाडला. पण यांचं तेवढ्यानं भागेना. त्यांनी घराचं अर्थिंग तपासलं तर ते मेलेलं. घरामागं खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पट्टी पुरलेली असते, आणि ती माती ओली असेल तरच गळका करंट जमिनीत जातो. एरवी वायरमन लोक उन्हाळ्यात त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. त्या वर्षी माणसांनाच बादली मिळत नव्हती, खड्ड्याला कोण घालणार? खड्डा वाळून ठणठणीत झाला होता.

तेव्हा यांनी डोकं लढवलं. अर्थिंगला काय लागतं? मीठ आणि पाणी. मग टाकीत दुसरं काय आहे? मी परीक्षेच्या कामाला गेले असताना त्यांनी गळका करंट जमिनीत जावा म्हणून आमच्या आटलेल्या बोअरच्या लोखंडी पाइपापासून थेट टाकीपर्यंत तांब्याची तार ओढली, वीतभर सोलून तिचं वेटोळं केलं आणि मला दिसू नये म्हणून खडकामागं वाळूत नीट पुरून टाकलं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की स्वारी खुशीत आहे.

तिसऱ्या दिवशी दोन कोळंब्या उताण्या पडल्या. मग उरलेल्या दोन. गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. मासे मात्र ठणठणीत, खुशाल शेपट्या हलवत होते. आणि फूल मिटलं. नुसतं मिटलं नाही, धुऊन पिळलेल्या मोज्यासारखं झालं, तोंड उघडं पडलेलं. मी आधी उन्हाला बोल लावला, मग जारच्या पाण्याला, आणि शेवटी आत्याबाईंच्या धुपाला. "बंद खोलीत धूर केला, तो पाण्यात उतरला," असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. माझी जीभ अशी आहे, आधी सुटते आणि मग मला विचारते.

आत्याबाईंना ते फार लागलं. आपल्यावरचा आळ धुऊन काढायला त्या जन्मात पहिल्यांदा टाकीजवळ आल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि काचेच्या मागच्या कडेला बोट लावलं. तिथून आत उतरलेल्या एका तारेखाली हिरवट निळा डाग आला होता.

"ही तार कशाची गं?"

मी पाहिलं. "तांब्याची दिसतेय. इथं कुणी आणली?"

"मंग कळकलंय की!" त्या एकदम सरळ उभ्या राहिल्या. "बिगरकल्हईच्या भांड्यात ताक ठिवलं तर काय हुतं? हिरवं येतं, कळकतं. पिलं की माणूस ओकतंय. आंबटात न्हाई अन् खाऱ्यात न्हाई, तांबं घालीतच न्हाईत. एवढं शिकलीस, आन् हे कुणी शिकवलं न्हाई व्हय तुला?"

शिकवलं होतं. मीच पोरांना वर्षानुवर्षं शिकवत होते की तळ्यातल्या गोगलगायी मारायला तांब्याचा क्षार वापरतात आणि त्यानं मासे तगतात, पण गोगलगायी, कोळंबी अशा जिवांवर मरण ओढवतं. पुस्तकातलं पुस्तकात राहिलं आणि रोगाचं निदान एका ताक घुसळणाऱ्या बाईनं केलं. मी वाळूत काठी घालून तार उपसली तर तिचं टोक हिरवंगार.

हे संध्याकाळी ड्युटीवरून आले. मी त्यांना पायरीवरच गाठलं आणि ती तार त्यांच्यापुढं धरली. "तुमच्या हातात पक्कड आली की काहीतरी मरतंच!" असं मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते लिहिण्याजोगं नाही. त्यांनी तारेकडं पाहिलं, "चुकलं," म्हणाले, आणि बाटल्या ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसले.

विद्यार्थ्याला फोन लावला. त्यानं सांगितलं, "मॅडम, तार काढलीत ते बरं केलंत. पाण्यात कोळशाची पिशवी सोडा, पार्सलमध्ये दिलीय ती. आणि आजच्या आज निम्मं पाणी बदला, दोन दिवसांनी परत निम्मं. पुढं कधी पाण्यात अर्थिंग लागलंच तर टायटॅनियमची कांडी असते, मी धाडतो. तांबं, पितळ, लोखंड काहीही नको. आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विच आधी बसवून घ्या."

निम्मं पाणी म्हणजे पन्नास लिटर. दोनदा म्हणजे शंभर. पाच जार. घरात रोज एक जार, पिणारी तीन माणसं. माझा नियम मीच केला होता आणि तो मोडायला माझी जीभ धजेना. फूल मरणार हे मी मनाशी कबूल केलं आणि मोरीत जाऊन रडले. गावाचे घसे कोरडे असताना एका फुलासाठी रडायची लाज वाटत होती, म्हणून आवाज झाकायला नळ सोडला, तर नळालाही पाणी नव्हतं. त्यामुळं आत्याबाईंना सगळं ऐकू गेलं.

"किती लागंल?" त्यांनी दाराबाहेरून विचारलं.

मी आकडा सांगितला.

"सावडीनं आणू."

सावड म्हणजे शेतकऱ्यांची जुनी रीत. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. पण पाण्याची सावड मी कधी ऐकली नव्हती. "शेजारच्या दोघींचा एकेक जार आज घिऊ, परवा परत घिऊ, मंग आपला जार त्यास्नी फेडू," त्या म्हणाल्या. "तुमच्या सोसायट्या आत्ता आल्या. सावड माज्या आजीपसनं हाय. पोरानं घाण केली, आईनं निस्तरायला नको?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् त्यानं तार कावून घातली, ते इचारलंस का? झटका तुला बसला, पर भ्यालं माजं पोर. रातच्याला जेवला न्हाई त्यो. तू घोरत हुतीस."

मी घोरत नाही. पण बाकीचं खरं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं याची मला मोरीतल्या रडण्याहून जास्त लाज वाटली.

जार आले. शेजारणी ते डोक्यावरून घेऊन आल्या, कारण सुनेचं फूल कळकलंय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "हे व्हय? हे तर वाळलेलं वांगं!" एवढा अभिप्राय देऊन त्या चहा पिऊन गेल्या. हे बाहेरूनच म्हणाले, "केंद्रावर कोल्ड रूमच्या कॉइलवरनं पाणी गळतंय. एकदम शुद्ध. आणू का दोन कॅन?"

"कॉइल कशाची असते?" मी विचारलं.

मग बारीक आवाजात, "तांब्याची."

आत्याबाई आधी हसल्या, मग मी, आणि मग ते आत आले.

मीठ कालवून नवं पाणी भरलं. काढलेलं जुनं पाणी बादल्यांत उभं होतं. खारट, वर तांबं उतरलेलं, ना शेळीच्या कामाचं ना तुळशीच्या. हे त्या बादल्यांकडं बघत राहिले आणि एकाएकी दोन-दोन उचलून घरामागं पळाले. वाळलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी आमचा समुद्र ओतला. सगळं पाणी मातीनं गटागटा पिऊन टाकलं. मग त्यांनी अर्थिंगच्या तारेवर बल्ब लावून पाहिला तर लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग जिवंत झालं होतं. एवढं खुशीत मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन त्यांनी तो आपोआप पडणारा स्विचही आणून बसवला. सावड फेडायला पुढं पाच दिवस आम्ही मोजून पाणी प्यालो आणि चहाला कुणी आलं तर आत्याबाई अर्धा कप द्यायच्या.

दहा दिवस झाले तरी फूल तसंच. खडकामागं जाऊन पडलेलं, ना उमलतं ना विरघळतं. विद्यार्थी म्हणाला, "बोट लावून बघा, मॅडम. जिवंत असेल तर बोटाला चिकटेल. नाही चिकटलं तर काढून टाका, नाहीतर पाणी नासेल." झटका बसल्यापासून मी टाकीत हात घातला नव्हता. रविवारी सकाळी मी बाही वर सारली.

"थांब," हे म्हणाले. "आधी माझा हात."

"अहो, मीटर लावून दोनदा बघितलंत ना?"

"मीटरला काय हुतंय? मीटरला बायको हाय का?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, खडकामागं चाचपलं आणि एकदम "आयायाय!" करून सगळं अंग आखडलं.

मी कधी किंचाळले आणि कधी मेन स्विचपर्यंत पोचले ते मला आठवत नाही. स्विच पाडला, घरातले पंखे थांबले, तरी मी ओरडतच होते, "हात काढा! आधी हात काढा!"

ते तसेच उभे, हात पाण्यात, आणि हसत होते. "करंट न्हाई गं. धरलंय त्यानं मला. सोडीनाच!"

दहा दिवस मी ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं, आणि मी टाकीकडं पाहिलंही नाही. मी त्यांच्या पाठीत एक जोराचा गुद्दा घातला, तिथंच कपाळ टेकलं, आणि दहा दिवस जिभेवर राहून गेलेलं "माझं चुकलं" एकदाचं म्हणून टाकलं. आत्याबाई शेळ्यांकडं निघून गेल्या. फूल मी त्यानंतर पाहिलं.