काबुकीच्या हंगामातली शेजारीण

जर्मनीत लुडविग्सहाफेनला आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचं एक कुटुंब राहायचं. नवरा माझ्या नवऱ्यासारखाच केमिस्ट, बायको साधारण माझ्याच वयाची, मुलगी नुकती शाळेत जायला लागलेली. तो बायकोला मारायचा. त्या इमारतीत सगळं ऐकू यायचं. आधी भांडं पडायचं, मग खुर्ची सरकायची, मग एक बोदा आवाज यायचा. तो कशाचा, हे कळायला मला वेळ लागला. माणसाचं डोकं दारावर आपटलं की तसा आवाज येतो. तिच्या समोरच्या फ्लॅटमधले जर्मन आजोबा अशा वेळी टीव्ही मोठा करायचे.

एकदा मी खाली जाऊन बेल वाजवली. त्यानं हसत दार उघडलं.

"या ना वहिनी. चहा टाकायला सांगू?"

मागे ती ओढणीनं नाक पुसत उभी होती. ओढणी लाल झाली होती. मला पाहून तिनं मान हलवली. जा, असं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "अगं, त्यांना कामाचा फार ताण असतो."

त्या वर्षी मार्चमध्ये राइन नदीपलीकडच्या एका नाट्यगृहात जपानहून काबुकी या तिथल्या जुन्या नाट्यप्रकाराची मंडळी आली. वसंत संपेपर्यंत त्यांचे खेळ चालणार होते. मी तिथं प्रेक्षकांचे कोट सांभाळायचं काम करायचे. पडदा वर गेला की मागच्या रांगेत उभं राहून बघायची आम्हाला मुभा होती. मी मूळची कुडाळची. दशावतारातल्या लढाया पाहत वाढलेली, त्यामुळे हे आपल्याला नवं नाही असंच वाटलं होतं. पण त्यातला एक प्रवेश तसा नव्हता.

बायकोवर संशय घेऊन एक सरदार तिला मारतो, एवढाच तो प्रवेश. बायकोचं काम करणारा नट पन्नाशीचा पुरुष होता. सरदार तिचा कमरपट्टा धरून ओढतो, तो हातभर रुंद रेशमी पट्टा उलगडत जातो आणि ती गरगर फिरत लांब जाते. मग प्रेक्षकांमधून गेलेल्या लाकडी वाटेवरून ती पळते. तो तिला केसांनी धरून परत आणतो. अंबाडा सुटून केस तोंडावर येतात. रंगमंचाच्या कडेला एक माणूस गुडघ्यांवर बसून लाकडाचे दोन ठोकळे फळीवर हाणत असतो. प्रत्येक घावाला टाक्, टाक्. शेवटचा वार झाल्यावर सरदार डोळे वटारून पुतळ्यासारखा थांबतो, वरून कागदाचं बर्फ पडत राहतं आणि ती मरता मरत नाही. पाय झाडते, उठते, पुन्हा पडते.

हे मी खालच्या शेजारणीला सहज सांगितलं. ती म्हणाली, "मला ने."

नेलं. घरी तिनं शनिवारी दुपारी जर्मनचा जादा क्लास असल्याचं सांगितलं. मुलीला तो सांभाळायचा. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा उठून जाईल. ती पुढे वाकून, हनुवटी मुठीवर टेकवून बघत राहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. रिकामी खुर्ची दिसली की आमचा दारावरचा माणूस तिला बसवायचा.

"तुला बघवतं कसं गं?" मी एकदा विचारलं.

ट्राम पुलावर आली तेव्हा ती म्हणाली, "तिथं तिला मारतात तेव्हा एवढी माणसं बघत असतात. कोणी टीव्ही मोठा करत नाही."

एका शनिवारी तिचा नवरा तिला आणायला मुलीसह क्लासवर गेला. क्लास बंद. तिच्या कोटाच्या खिशात त्याला आधीच कधीतरी नाट्यगृहाचं पत्रक दिसलं होतं. तो सरळ इकडे आला.

मध्यंतर संपून दारं लागली होती. ती पाणी प्यायला बाहेर आली होती आणि माझ्या काउंटरपाशी उभी होती. तो मुलीचा हात धरून आत शिरला. आवाज न चढवता म्हणाला, "हा क्लास का?"

"अहो, मी सांगते..."

पहिल्या थपडीलाच ती काउंटरवर आदळली. मग त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा. रक्त कोटांच्या बिल्ल्यांवर उडालं. मुलगी किंचाळत होती, "पापा, हॉर आउफ! हॉर आउफ!" मराठी तिला सगळं कळायचं, पण 'थांब' म्हणायला तिच्याकडे जर्मनच होतं. आत ठोकळे वाजत होते. बाहेर काय चाललंय हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

मी काउंटरखालून बाहेर आले. हातात जाड लाकडी हँगर होता. तो मी त्याच्या मनगटावर हाणला, सगळा जोर लावून. हाड वाजलं. त्यानं केस सोडले आणि कोपर माझ्या तोंडावर मारलं. मी खाली बसले. तोंडात काहीतरी खडखडलं, तो माझा दात होता. तिचा नवरा माझ्याकडे वळला तेवढ्यात तिनं मागून त्याचा हात पकडला आणि अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. तो ओरडला, तिच्या कानशिलावर बुक्क्या मारत राहिला. तिनं सोडलं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जर्मन बाईंनी पोलिसांना फोन लावला होता, दारावरचा माणूस धावत आला. त्यानं आणि आणखी एकानं मिळून त्याला जमिनीवर दाबलं, तेव्हा कुठे तिचे दात सुटले.

पोलिस आल्यावर तो शर्ट नीट करत उत्तम जर्मनमध्ये म्हणाला, "हा आमचा कौटुंबिक प्रश्न आहे."

पोलिसातली बाई त्याच्याशी बोललीच नाही. ती माझ्या मैत्रिणीसमोर उकिडवी बसली आणि हळू, सोप्या शब्दांत म्हणाली, "इथं मार खाणारीला घर सोडावं लागत नाही. मारणाऱ्याला लागतं."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगतेय का गं ही?"

खरं होतं. त्याच दिवशी त्याच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेतल्या. तिचं नाक मोडलं होतं, एका कानानं तिला आजही कमी ऐकू येतं.

आमच्या मराठी मंडळींत चर्चा झालीच. एका काकूंनी मला ऐकवलं, "घरातलं चव्हाट्यावर आणलंस." माझा नवरा शांत माणूस आहे. तो म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी तुम्ही खाली जाऊन बेल वाजवा." त्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं.

हंगामाच्या शेवटच्या खेळाला ती आली. नाकावर पट्टी होती. खुनाचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मी मागून पाहिलं, तर ती खुर्चीत मान टाकून गाढ झोपली होती. ठोकळे वाजत होते, नट कोसळत होता, आणि ही तोंड उघडं ठेवून घोरत होती. शेजारचे लोक वळून बघायला लागले. मी तिला उठवलं नाही.

महिन्याभरानं साताऱ्याहून मला फोन आला. तिच्या सासूबाई.

"तुम्ही माझ्या मुलाचा संसार मोडलात," त्या म्हणाल्या. मी ऐकत राहिले. त्या पुष्कळ बोलल्या, माझ्या आईवडिलांपर्यंत गेल्या. मग थांबल्या. "दात पडला म्हणे तिचा?"

"तिचा नाही, काकू. माझा."

"माझे पुढचे दोन पडले होते," त्या म्हणाल्या. "हा तेव्हा पाळण्यात होता." आणि त्यांनी फोन ठेवला.

घटस्फोटाला पुढे फार वेळ लागला. तो भारतात परत गेला. तिनं भाषेच्या परीक्षा दिल्या आणि एश्बॉर्न गावात एका ऑफिसात नोकरीला लागली. कोर्टात तिच्या बाजूनं सासूबाईंचं लेखी म्हणणं आलं होतं. ते मागायला तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.