बटनं समोरून की मागून

पुण्याहून निघताना ह्यांनी बजावलं होतं, "मावशीचं बोलणं नीट ऐकत जा, तिकडची मराठी निराळी आहे." मी शाळेत मराठी शिकवते. मला काय सांगता, म्हटलं.

नागपूरला उतरून एसटीनं कामठीला ह्यांच्या मावशींकडे पोचले. गल्लीभर मागांची खडखड. जेवणात वडाभात (डाळीचे वडे कुस्करलेला भात). वाढता वाढता मावशी भावाबद्दल सांगू लागल्या. तो मुंबईत सिनेमातल्या बायकांचे पोशाख कागदावर रेखाटायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्याचं एक चिटोरंही उरलं नाही. पण मुंबईच्या एका संग्रहालयानं जपलेलं त्याचं एक चित्र सध्या नागपुरात मांडलं होतं. उद्या शेवटचा दिवस.

"जाशील न वं पाहाले?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

सकाळी एसटी सुटायच्या बेतात होती. मी दारातून हाक मारली, "मावशी, तुम्ही येताय का?"

"येऊन राहिली वं!" आतून उत्तर आलं.

म्हणजे आधीच चित्र पाहून आल्या, आता घरीच राहिल्या, असा अर्थ लावून मी धावत गाडी पकडली.

चित्र काचेआड होतं. पेन्सिलीनं काढलेला लांब झगा, कंबरेत आवळलेला, खाली मामांची सही. छान आहे म्हटलं आणि बाहेर पडले, पोटात कावळे ओरडत होते. तर्रीपोहे (वर चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी एक बशी मागवली. बर्डीच्या बाजारात संत्राबर्फी घेतली आणि रमतगमत परतले.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, पायात चपला.

"काहून गेली वं मले टाकून? येऊन राहिली म्हटलं होतं न मी."

येऊन राहिली म्हणजे येतेच आहे. मराठीच्या बाई! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "चुकलं माझं, मावशी," एवढंच सुचलं.

"जाऊ दे. एकटीनं जाणं होत नाही, तुह्या भरोशावर होती." त्या उजवा खांदा चोळत होत्या. "एक सांग, चित्रात बटनं समोरून होते का मागून? लहानपणी झाडावरून पडली, तवापासून माहा हात मागं जात नाही. दादा माह्या झग्याले समोरून बटनं लावे. म्हणे, मोठा झालो का साऱ्या बायकांले अशेच लावीन."

मी खूप आठवून पाहिलं. पोह्यांवरचे चणे आठवत होते. बटनं काही आठवेनात.

"समोरून," मी म्हणाले.

मावशी हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. माझी मात्र मान वर होईना.

परतीच्या गाडीत बर्फीचा डबा उघडवला नाही. पुण्याला ह्यांनी सामान घेता घेता विचारलं, "मामांचं चित्र पाहिलंस ना?"

"नाही पाहिलं," मी म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.