खिशावरची पाच बोटं

मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता होती. सोयगावहून एसटीनं औरंगाबादेत पोचलो, खोलीवर पिशवी उघडली आणि माझा एकुलता एक पांढरा सदरा बाहेर काढला. खिशावर आईची पाच बोटं उमटलेली. हळदीची.

इथल्याच गुलमंडीतून घेतलेला तो सदरा मी मुलाखतीआधी गावी आईला दाखवायला नेला होता; परतताना पिशवी तिनंच भरली होती. नव्या कपड्याला हळद लावतात, हे काही नवं नव्हतं. पण ती आतल्या टोकाला, टिकलीएवढी. आईसुद्धा एरवी तशीच लावायची. पाच बोटं उठवायची ती पेरणीच्या नव्या तिफणीवर, नाहीतर पोळ्याला बैलांच्या पाठीवर. सदऱ्यावर का उठवली, मला कळेना.

खोलीत माझ्याबरोबर गावाकडचाच एक दादा राहायचा. त्यानं साबणाची वडी हातात दिली. मी गच्चीवरच्या नळाखाली खिसा घासला आणि हात थांबला. पिवळी बोटं लालभडक झाली होती.

"कुणाचा मुडदा पाडून आला रं?" दादा म्हणाला.

अजून साबण लावला, अजून लाल झाली. मग त्यानं सांगितलं म्हणून लिंबू पिळलं. बोटं पुन्हा पिवळी. मला वाटलं, आता जातील. शेवटचा हात म्हणून साबण लावला, तर पुन्हा लाल. माझं डोकंच चालेना.

"तू बीएस्सी ना? मग घासतो काय येड्यावाणी?"

तेव्हा कुठं आठवलं. शाळेत हळदीचा कागद सोड्यात बुडवून तो लाल होताना मी पाहिला होता, वहीत सुबक आकृती काढली होती, गुरुजींनी 'छान' असा शेरा दिला होता. पण तो कागद होता. सदऱ्यावरची हळद तीच आणि साबणातही सोडाच, हे मला सुचलंच नव्हतं. आणि आठवून तरी उपयोग काय? रंग कसा बदलतो ते शिकवलं होतं, काढायचा कसा ते नाही.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणारी चाची बराच वेळ हा तमाशा बघत होती.

"नक्को घिस रे बेटा, कपडा फाड डालेगा! साफ पानी से धो, धूप में डाल. हल्दी धूप में उड जाती."

माझा विश्वास बसला नाही, पण दुसरं काही उरलंही नव्हतं. सदरा नुसत्या पाण्यात खळबळून तिच्या दोरीवर टाकला. मे महिन्याचं ऊन होतं. दर थोड्या वेळानं पाणी शिंपडायला ती सांगे, मी शिंपडे. साडेपाचपर्यंत बोटं इतकी फिकट झाली, की शोधावी लागत होती. सकाळच्या उन्हात तीही गेली.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तोच सदरा घालून गावी गेलो. पत्र देवापुढं ठेवून आई माझ्या खिशाकडं बघत राहिली.

"बोटं कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं. साबण, लिंबू, चाची.

"साबणानं हळद लाल व्हते, एवढं बी ठावं नाय? मंग पंधरा वरसं शिकला काय?"

"तुला ठाऊक होतं ना ती सहज निघत नाही म्हणून? मग अशी दर्शनी का लावली?"

"दिसाया नको व्हय? तिथं समदी शिकल्या घरची पोरं. साहेबाला कळाया पायजे, का ह्याच्या मागं बी कोनतरी हाय."

तिनं खिसा ओढून आत पाहिलं. ओल्या हळदीचा अंगठा कापडातून आत उतरला होता, आणि ऊन तिथं पोचलं नसल्यानं तो अजून पिवळा होता.

"हां," ती म्हणाली, "हे तरी ऱ्हाऊ दे."

तो सदरा त्यानंतर मी साबणानं धुवावा की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही.