काना तेवढा द्या

फलकावरची सूचना वाचायला हुपरीच्या मॅडम पेनाचे टोपण काढूनच उभ्या राहत. ‘परराष्ट्रीय व्यापार कायदा : तास रद्द’ असे दिसले, की ‘प’शेजारी एक उभी रेघ ओढत आणि शिपाईमामांना म्हणत, “तास रद्द करा, पण माझा काना तेवढा द्या.”

विधी महाविद्यालयात त्या पारराष्ट्रीय व्यापार कायदा शिकवत. मी त्याच आवारात मराठी. शब्द त्यांनीच घडवला होता. परराष्ट्रीय म्हणजे परक्या देशाचे. पारराष्ट्रीय म्हणजे देशांच्या आरपार जाणारे.

हुपरीच्या चांदी कारागिराची ही मुलगी. हातात काही नसले तरी अंगठा तर्जनीवर फिरत राही. लहानपणी पैंजणांना घुंगरू जोडताना लागलेली सवय. वर्गात विचारत, “पैंजण हुपरीत घडलं, दुबईत विकलं, पैसे लंडनच्या बँकेत अडकले. भांडायचं कुठल्या कोर्टात? सांगा की, पावणं.”

मागच्या बाकावरून उत्तर आले, “कागलच्या, मॅडम. तिथं माझं मामा वकील हायत.”

वर्गाबरोबर त्याही हसल्या, आणि उरलेला तास त्या मामांचे दुबईच्या व्यापाऱ्यापुढे काही का चालणार नाही, हे समजावण्यात गेला.

त्यांचे निबंध परदेशांतल्या विद्यापीठांत अभ्यासाला लागले होते. इथे त्या अजून सहायक प्राध्यापकच. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला निघाल्या, तेव्हा सुती साडीला कोळशाच्या इस्त्रीचा उबदार वास होता. परतल्या त्या घामाने भिजून.

“काय विचारलं?” मी म्हटले.

“म्हणाले, परराष्ट्र धोरण तुमचा विषय, मग राज्यशास्त्रात जा की. मी म्हटलं, तुमच्या कागदात काना राहिलाय. तर म्हणाले, बाई, कान्यानं काय फरक पडतोय?”

शेरा आला : विषय संबंधित नाही. त्यांनी खेटे घातले. एका टेबलावर ऐकले, ‘टंकलेखनाची चूक, तिकडे विचारा’. दुसऱ्यावर, ‘चूक मान्य, पण मुलाखत होऊन गेली.’ दुरुस्ती झाली तोवर पद भरले होते. पुढच्या वर्षी त्यांचा विषयच अभ्यासक्रमातून गेला. ती बातमी आली त्या दुपारी स्टाफरूममध्ये बशीवर कप टेकल्याचा आवाजही मोठा वाटला. कुणी मान वर केली नाही.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती भांडतात तोवर आपण निर्धास्त असतो. त्या भांडेनाशा झाल्या. फलकावरच्या चुका तशाच राहू लागल्या, आणि त्यांच्या पेनातली शाई, मला वाटते, आतल्या आत वाळत गेली.

मग सिंगापूरच्या एका विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि त्या गेल्या.

परवा कॅन्टीनमध्ये आल्याच्या वाफेआडून चहावाल्या चाचांनी विचारले, “हुपरीच्या मॅडम दिसंनात?”

“सिंगापूरला गेल्या, चाचा. तिकडंच शिकवतात आता.”

गाळणी धरलेला त्यांचा हात थांबला. “आपलं गाव सोडून? हितं कोण काय बोललं काय त्यास्नी?”

“नाही,” मी म्हटले. “कुणीच काही बोललं नाही.”