आत्यानं घासलेला तारा

मी वाचायला शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. निजामाच्या तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी छापलेली पत्रकं घरात गठ्ठ्यांनी पडलेली असत. त्यांत माणसांचे दोनच प्रकार होते: लढलेले आणि विकले गेलेले.

पडेगावच्या आत्याचा नवरा कुठल्या प्रकारात, हे वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. पोलिस ॲक्शनच्या आधी आतोबा घरातून गेले ते परतलेच नाहीत. नगरला जाऊन हिंदी फौजेत भरती झाले, असं आत्या सांगे. वडील म्हणत, "खोटं. निजामाच्याच फौजेत होता." पुढं कुणी अनोळखी माणूस आतोबांच्या खांद्यावरचा पितळी तारा तिच्या हातात ठेवून गेला. त्याला काही विचारायचंही तिला सुचलं नाही. आतोबा गेले तेव्हापासून वडील सख्ख्या बहिणीचा उंबरा चढले नव्हते.

कॉलेजात गेल्यावर मी वडिलांशी भांडले. "पुराव्याशिवाय शिक्षा? दादा, तुमच्याच पत्रकात याला जुलूम म्हटलंय."

 ते म्हणाले, "मग आण पुरावा. तो तारा हिंदी फौजेचा निघाला, तर त्याच दिवशी तिच्या घरी जेवीन."

छावणीत एक निवृत्त सुभेदार जुने फौजी बिल्ले जमवत. आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. वडील दारातच उभे राहिले.

सुभेदारांनी तारा खिडकीपाशी धरला. "जमादाराचा, म्हणजे सुभेदाराच्या खालच्या हुद्द्याचा आहे, एवढं नक्की. मधे ताज असला की हिंदी फौज; तेव्हा अजून इंग्रजांचाच ताज चालायचा. निजामाच्या फौजेत तिथं दस्तार, म्हणजे त्यांची पगडी असायची." त्यांनी मधल्या जागेवरून बोट फिरवलं. "पण इथं सपाट झालंय. बाई, कुणी घासलं हे?"

"म्याच की!" आत्या अभिमानानं म्हणाली. "दर खंडेनवमीला. चिंच लावून, राखेनं. पूजेत हत्यारांशेजारी मांडते. कधी काळं पडू दिलं नाय."

"अहो, खूणच पुसलीत तुम्ही! मागं कारखान्याचा शिक्का आहे, पण तो कारखाना दोन्ही फौजांना माल द्यायचा."

आत्याला क्षणभर कळलंच नाही. "मंग... कोणाचा म्हणायचा?"

"आता नाही सांगता येणार."

तिनं तारा परत घेतला, डोळ्यांजवळ नेला. "मधी व्हतं कायतरी. म्या बघितलं व्हतं."

"काय होतं? आठवा. ताज की पगडी?"

ती आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, "मला काय कळतंय साहेब त्यातलं. त्यांचा हाय म्हणून बघायची म्या."

वडिलांनी चपला पायात सरकवल्या.

"दादा, आता तरी!" मी ओरडले.

"पुरावा कुठाय?" एवढंच म्हणून ते जिना उतरले.

आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा ते लांब गेले होते. आत्यानं माझं मनगट धरलं. "त्याला हाक मार गं बाई. म्या पुरण वाटून आले."

मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.